आत्याचं दुकान मी वाढवलं

आत्याचं दुकान मी वाढवलं, याबद्दल आमच्या नातेवाइकांत दुमत नाही. मतभेद आहेत ते पुढच्या गोष्टींबद्दल. म्हणजे मला हे करायला कोणी सांगितलं होतं, मला अक्कल होती की नव्हती, आणि असलीच तर ती त्या काळात कुठे गेली होती. या प्रश्नांवर आमच्या घरात माझ्यादेखत चर्चा होते आणि चर्चेत मला सोडून सगळ्यांना बोलू देतात. म्हणून ही माझी बाजू.

मी ज्या हपिसात नोकरी करतो तिथे आवक-जावक विभाग माझ्याकडे आहे. बाहेरून आलेल्या पत्रावर एक शिक्का मारायचा आणि आतून निघालेल्या पत्रावर दुसरा, एवढंच काम. शिक्के उलटे पडले तरी पत्रं पोचतात, हे मी स्वतः तपासून पाहिलेलं आहे. तर एकदा वरून एक परिपत्रक आलं. मालाची आवक-जावक पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग. विषय, किरकोळ विक्री आणि पुरवठा साखळी यांची मूलतत्त्वे. साहेबांनी त्यातलं 'आवक-जावक' एवढंच वाचलं आणि माझं नाव कळवून टाकलं. मी परिपत्रक पूर्ण वाचलं होतं. पण वर्गाला जायला रजा टाकावी लागत नव्हती आणि दुपारचं जेवण तिकडेच होतं, तेव्हा साहेबांची चूक दाखवून त्यांना कमीपणा आणावा असं मला वाटलं नाही.

खोटं कशाला बोला, त्या वर्गाने मी भारावून गेलो. इतकी वर्षं मी दुकानात जाऊन 'साबण द्या' म्हणत होतो आणि दुकानदार साबण देत होता. त्यामागे केवढं शास्त्र आहे याची मला कल्पनाच नव्हती. साबण कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, तिथून दुकानात येतो आणि दुकानातून आपल्या मोरीत, म्हणून त्याला साखळी म्हणायचं. माल मागवल्यापासून पोचेपर्यंत जो वेळ जातो तो आधीच हिशेबात धरायचा. अडीअडचणीसाठी थोडा माल बाजूला ठेवायचा, तो राखीव साठा. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. जे खपवायचं असेल ते गिऱ्हाइकाच्या नजरेच्या रेषेत मांडायचं. हे सगळं ऐकताना मला राहून राहून वाटायचं की आपण चुकून पत्रांच्या धंद्यात पडलो.

शेवटच्या दिवशी सरांनी चाबकाची गोष्ट सांगितली. "मूठ एवढीशी हलते," हातातली पट्टी हलवत ते म्हणाले, "पण टोक फटकन लागतं. एखादं गिऱ्हाईक चार साबण जास्त नेतं. दुकानदाराला वाटतं, साबणाला उठाव आला. तो पेटीभर जास्त मागवतो, घाऊकवाला गाडीभर जास्त मागवतो आणि कारखानदार नवं यंत्र लावतो. आणि त्या गिऱ्हाइकाकडे नुसते पाहुणे आलेले असतात." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, असं आता वाटतं.

प्रमाणपत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी ते घेऊन आत्याकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी तिचं एका खोलीचं दुकान आहे. मीठ, साखर, साबण, काड्यापेट्या, मेणबत्त्या, सुतळी, झाडू, असलं रोजचं सामान. आत्या ते एकटी चालवते. वय पुष्कळ झालंय, पण 'वय झालं' हे तिच्यासमोर म्हणायची अजून कोणाची छाती नाही. मी गेलो तेव्हा ती गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती आणि शेजारी माझी आतेबहीण तोंड पाडून उभी होती.

प्रमाणपत्र आत्याने लांब धरून पाहिलं. "दुकानदारीचं शिकलास? देवासारखा आलास बघ. अरे, दुकान वाढवायचं म्हणते मी."

"आता?"

"आता नाही तर कधी? वरच्या फळीवरचं काही काढायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं माझ्या."

"डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, दादा," आतेबहीण म्हणाली. "आत्ता केलं तर चालती-फिरती राहील. उशीर केला तर खुर्चीतून उठवायला माणूस लागेल म्हणाले. पण हिचं आपलं एकच. आधी दुकानाचं, मग गुडघ्याचं."

"हो, एकच!" आत्या म्हणाली. "दुकान वाढवल्याशिवाय मी गुडघ्याला सुरी लावू देणार नाही. हा सगळा माल वाढला की मी मोकळी. मग कापा काय कापायचं ते."

गुडघे दुखतात म्हणून दुकान वाढवायचं, हे ऐकायला विचित्र वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण सरांनी सांगितलं होतं की लहान दुकानात मालक राबतो आणि मोठ्या दुकानात मालक बसतो. आत्याला बसायचं होतं. मला त्यात काही गूढ दिसलं नाही.

"तू काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तू लेकीकडे जाऊन राहा. मी रजा टाकतो आणि सगळं करतो."

आत्याचे डोळे भरून आले. "तुला म्हणून सांगते, फार जिवावर आलंय रे."

"प्रत्येक मोठ्या उद्योजकाला सुरुवातीला असंच वाटतं, आत्या."

"लोकांनाही वाईट वाटेल."

"वाटू दे. लोक जळतात."

आत्याने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण गुडघ्यात कळ आली आणि ते तसंच राहिलं. 'माझा भाचा दुकानाचं सगळं पाहील' असं तिने मला लिहून दिलं, किल्ल्या दिल्या, आणि लेकीकडे गेली.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "आत्या दुकानाचा विस्तार करतेय. जबाबदारी माझ्यावर टाकली आहे." 'विस्तार' हा शब्द माझा. 'वाढवणे' हे फार साधं वाटलं; प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाने जरा वजनदार बोलावं म्हणून मी तो घातला.

"या वयात? त्या गुडघ्यांनी?" बायको म्हणाली.

"तुला त्यातलं कळायचं नाही."

"मला त्यांच्यातलं कळतं," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली. तिने आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, हे मी तिला पुढे अनेकदा सुनावलं आहे. ती ते ऐकून घेत नाही.

पहिल्या दिवशी मी मांडणी हाती घेतली. आत्याच्या दुकानात मीठ दाराशी, साबण खिडकीखाली आणि काड्यापेट्या तिच्या खुर्चीच्या हाताशी, अशी सगळी गैरशिस्त होती. मी सगळं खाली काढलं आणि शास्त्रानुसार लावलं. जे आपोआप खपतं ते खाली, जे खपत नाही ते नजरेच्या रेषेत. आता आत्याच्या दुकानात वर्षानुवर्षं न खपलेली वस्तू म्हणजे उंदराचा पिंजरा. तो मी मधोमध लावला. नजरेची रेषा मी माझ्या नजरेवरून धरली, आणि मी उंच आहे. त्यामुळे बऱ्याच गिऱ्हाइकांच्या नजरेच्या रेषेत माझ्या शर्टाचं दुसरं बटण येत होतं आणि पिंजरा दिसायला त्यांना मान वर करावी लागत होती. पण ज्यांना दिसला ते सगळे 'उंदीर झालेत का हो दुकानात?' एवढं विचारून साखर न घेताच गेले.

शेजारीच न्हाव्याचं दुकान आहे. न्हावी दिवसभर वस्तरा चालवतो आणि त्याहून जास्त तोंड. तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मॅनेजर, मीठ कुठाय?"

"मीठ आता आतल्या बाजूला आहे. मीठ घ्यायला माणूस आत गेला की वाटेत त्याला इतर गोष्टी दिसतात."

"आत जायला वाट कुठाय?"

हा मुद्दा बरोबर होता. "जागा कमी पडते," मी म्हणालो. "म्हणून तर वाढवतोय."

"मग बाहेरच्या ओट्यावर फळ्या टाका की. पण परवाना कचेरीला विचारून टाका हं. नाहीतर उचलून नेतात. माझी खुर्ची नेली होती, गिऱ्हाइकासकट."

आता कचेरीचं सांगतो. परवाना कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. वर पोचल्यावर पहिला काही वेळ मला बोलताच येईना, आणि खिडकीमागचा पांढऱ्या मिशांचा कारकून शांतपणे माझी वाट पाहत राहिला. तिथे येणाऱ्यांना दम खायला वेळ द्यायचा, अशी तिथली पद्धत असावी.

"काय काम?" शेवटी त्याने विचारलं.

"दुकान वाढवायचंय."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "कोणाचं?"

मी आत्याचं सांगितलं. भाच्याने सगळं पाहावं, असं तिने लिहून दिलेलंही दाखवलं.

"अरेरे," तो म्हणाला. "जुनं दुकान. बसा, बसा."

"अरेरे काय त्यात? आनंदाची गोष्ट आहे!"

"असं घेतलंत तर उत्तमच. सगळे असं घेत नाहीत हो. इथे या खुर्चीत बसून रडतात माणसं."

"भांडवल कमी पडतं म्हणून?"

"त्यामुळेही," तो म्हणाला. "कधीपासून धरू?"

"आजपासूनच!"

"जुना परवाना जमा करा. इथे सही." त्याने कागद पुढे केला. मी सही करताना त्याला राखीव साठ्याची कल्पना समजावून देत होतो, त्यामुळे कागदावर काय आहे ते पाहायचं राहून गेलं. तसंही कचेरीतला कागद वाचून सही करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याने धाडकन शिक्का मारला. स्वतः शिक्के मारत असल्यामुळे सांगतो, शिक्का सुंदर उठला होता.

"आता आणखी काय करावं लागेल?" मी विचारलं.

"आता तुम्हाला काहीच करावं लागणार नाही," तो मायेने म्हणाला. सरकारी माणूस इतक्या आपुलकीने बोलतो हे ऐकून मी जिना उतरताना गुणगुणत होतो.

मग माल. 'हा सगळा माल वाढला की मी मोकळी,' हे आत्याचे शब्द माझ्या कानात होते. मी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि विचारलं की मागणी नोंदवल्यापासून माल पोचायला नेमका किती वेळ लागतो.

"वेळ कशाला?" तो म्हणाला. "गाडी निघालीय."

"पण मी अजून काही मागवलंच नाही."

"मागवा की. गाडी निघालीय."

पुढे माझ्या लक्षात आलं की त्याची गाडी कायम निघालेली असते आणि कधीच पोचत नाही. अशा माणसाच्या भरवशावर दुकान चालवायचं तर राखीव साठा भक्कम हवा. मी मीठ नेहमीच्या दुप्पट मागवलं, साबण दुप्पट मागवला, आणि काड्यापेट्या स्वस्त दिसल्या म्हणून जरा सढळ हाताने मागवल्या. आणि तेव्हा मात्र, मला शहाणपण शिकवायला म्हणून असेल, गाडी खरोखरच आली.

मिठाची पोती उतरताना वरच्या मजल्यावरचे मास्तर गॅलरीतून बघत होते. मास्तर निवृत्त झाल्यापासून जगातल्या सगळ्या घडामोडींचा अर्थ लावण्याचं काम बिनपगारी करतात. "एवढं मीठ?" त्यांनी वरून विचारलं.

"राखीव साठा!" मी खालून ओरडलो.

मास्तरांनी मान डोलावली आणि आत गेले. 'राखीव' या शब्दाचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की मीठ बाजारातून नाहीसं होणार आहे, आत्याच्या भाच्याला हपिसात वरून आतली खबर लागली आहे, आणि म्हणून तो भरून ठेवतोय. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग. जो तो पोतं मागतोय. एका बाईंनी तर मिठाबरोबर साबणही नाहीसा होणार का म्हणून विचारलं. मी म्हणालो, "तसं काही सांगता येत नाही," आणि दुपारपर्यंत साबण संपला.

आता तुम्हीच सांगा, रांग डोळ्यांसमोर दिसत असताना माणसाने काय करावं? मी उठाव बघितला आणि माल चौपट मागवला. तिकडे घाऊकवाल्याने काय मागवलं मला माहीत नाही, पण फोनवर त्याचा आवाज थरथरत होता. चाबकाची गोष्ट मला त्या वेळी आठवली नाही असं नाही. आठवली, पण ती अडाणी दुकानदारांची गोष्ट आहे आणि माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, असं मला वाटलं.

त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक घरात लेकीसुनांच्या बाळंतपणापर्यंत पुरेल एवढं मीठ भरलं गेलं आणि एके सकाळी रांग बंद झाली. कोणी म्हणजे कोणी येईना. आणि मग गाड्या यायला लागल्या. पोती दुकानात मावेनात म्हणून ओट्यावर रचली. साबणाचे खोके मास्तरांच्या जिन्याखाली गेले. मेणबत्त्या न्हाव्याकडे ठेवल्या. त्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला गिऱ्हाइकाला आडवं चालावं लागायचं. उरलेला साबण मी घरी नेला. आमच्या पलंगाखाली, कपाटावर, जेवणाच्या टेबलाखाली साबण. वरणाला साबणाचा वास यायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "आत्यांना हे सगळं माहीत आहे ना?"

"रोज फोनवर बोलतो मी तिच्याशी," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"काय झालं रे दुकानाचं? कचेरीत गेलास?"

"गेलो. जुना परवाना जमा केला. लगेच शिक्का मारला त्यांनी."

"मीठ वाढलं?"

"वाढलं."

"साबण?"

"तोही वाढला."

"काड्यापेट्या?"

"उद्यापर्यंत वाढतील."

"एवढ्या लवकर?" तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं होतं, पुष्कळ दिवस लागतील. लोक काही म्हणाले का?"

"लोक? अगं, रांग लावून आले होते."

"सगळे येऊन गेले?" आत्या म्हणाली आणि चक्क रडायला लागली. माझ्या कर्तबगारीने माणसं रडतात हे मला नवीन होतं, त्यामुळे मी फोन धरून आपोआप ताठ उभा राहिलो. मग आतेबहिणीने फोन घेतला. "दादा, आई तयार झाली! परवा सकाळी ऑपरेशन. तुझे उपकार कसे फेडू रे?"

मी म्हणालो, उपकार कसले, शास्त्र आहे ते.

दुसऱ्या दिवशी काड्यापेट्यांची गाडी उतरत असताना पांढऱ्या मिशांचा कारकून दुकानासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, कौतुकाने आला असेल. त्याने पोती पाहिली, खोके पाहिले, गाडीतून उतरणारा माल पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय?"

"दुकान वाढवलं ना."

"वाढवलं तर हा माल कसला?"

"वाढवलं म्हणूनच तर!"

"अहो, दुकान वाढवलंय, आमच्याकडे नोंद झालीय, मी इथे कुलूप बघायला आलोय!"

"कुलूप? रात्री लावतो की."

न्हावी अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. मास्तर गॅलरीत आले. इतक्यात बायको माझा डबा घेऊन आली. तिने आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि डबा खाली ठेवला.

"अहो, आत्या तुम्हाला नक्की काय म्हणाल्या होत्या? तुमचा शब्द नको, त्यांचा सांगा."

"दुकान वाढवायचंय म्हणाली."

बायको काड्यापेट्यांच्या खोक्यावर बसली. तिचे खांदे हलत होते. हसते की रडते ते कळेना, कारण तोंडावर पदर होता. "बांगडी फुटली तर घरात काय म्हणतात?" तिने विचारलं.

"वाढली," मी म्हणालो. "फुटली म्हणत नाहीत."

"का?"

"अशुभ नको म्हणून..." आणि मी ओट्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं.

"दुकान बंद करायचं, असं जुनी माणसं कधी म्हणतात का? वाढवायचं म्हणतात! आणि मीठ संपलं म्हणतात का? मीठ वाढलं म्हणतात!"

"त्यांना दुकान मिटवायचं होतं हो," कारकून म्हणाला. "मिटवलंय मी. कागदावर."

म्हणजे परिस्थिती अशी होती. कागदावर दुकान बंद झालं होतं. प्रत्यक्षात ते रस्त्यापर्यंत आलं होतं. आणि आत्या, सगळं आवरलं या समाधानात, उद्या सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार होती. मी तिथल्या तिथे घाऊकवाल्याला फोन लावला आणि माल परत घ्याल का विचारलं. तो म्हणाला, गाडी निघालीय. मी म्हणालो, अहो, परत न्यायची गाडी! तो म्हणाला, तिकडून इकडे गाडीच नाही. विकलेला माल उलटा कसा आणायचा यावर वर्गात एक संपूर्ण तास होता. पण तो जेवणानंतरचा होता आणि मला डुलकी लागली होती.

"हे विकून तरी टाकू?" मी कारकुनाला विचारलं.

"परवान्याशिवाय काडीपेटी विकता येणार नाही."

"मग परवाना परत द्या."

"मालकांनी स्वतः यायला हवं. समोर उभं राहून सांगायला हवं की चुकून झालं. भाच्यावर आता आमचा विश्वास नाही."

"तिसऱ्या मजल्यावर? तिचे गुडघे... लिफ्ट कधी सुरू होईल?"

"लिफ्टही वाढली," कारकून म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

रात्री आमच्या घरी साबणाच्या खोक्यांमध्ये बसून ठरलं ते असं, की ऑपरेशन होईपर्यंत आत्याला काही कळू द्यायचं नाही. आतेबहिणीला फोन केला तेव्हा ती रडकुंडीला आली. "दादा, तुझ्या पाया पडते, आईला आत्ता काही सांगू नकोस. कळलं तर ती टेबलावरून उठून येईल. डॉक्टर पुन्हा तारीख देणार नाहीत आणि ती पुन्हा हो म्हणणार नाही. मग जन्मभर खुर्ची." मला झोप लागली नाही. दुकानाची लाज वाटत होतीच, पण आत्या खुर्चीत अडकली तर ती माझ्यामुळे, हे काही केल्या मनातून जाईना. आणि माझं तोंड असं आहे की त्यावर जे लपवायचं ते आधी दिसतं.

सकाळी दवाखान्यात गेलो. आत्याला चाकाच्या खाटेवर झोपवलं होतं, अंगावर हिरवं पांघरूण, केस टोपीत. एवढी लहान ती मला कधी दिसली नव्हती. आतेबहीण डोळ्यांनी मला दटावत होती. वॉर्डबॉय खाट ढकलायच्या तयारीत होता.

"आलास?" आत्या म्हणाली. "दुकान वाढवलंस ना?"

"वाढवलं," मी म्हणालो. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर मी खोटं बोललो नव्हतो.

आत्याने माझा हात धरला.

"किती?"

मी आतेबहिणीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली होती. 'किती' या प्रश्नाला दुकान बंद करणाऱ्या माणसाकडे उत्तर असत नाही, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"ओट्याच्या बाहेरपर्यंत," मी पुटपुटलो. "आणि थोडं आमच्या पलंगाखाली."

"न्हाव्याचा फोन आला होता काल. मेणबत्त्यांमुळे त्याला वस्तरा सापडेना म्हणाला. परवान्याचंही सांगितलं. मी म्हटलं, हा मेला शाळेतही असाच होता, शब्द ऐकायचा आणि अर्थ स्वतःचा लावायचा."

"आई, आपण घरी जाऊन बोलू ना," आतेबहीण म्हणाली. ती आता रडतच होती. "आत्ता ऑपरेशन होऊ दे. मग तू म्हणशील तसं करू."

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हणालो. "सगळा माल मी माझ्या घरी नेतो, काय वाटेल ते करतो. पण तू उठू नकोस."

"कोण उठतंय?" आत्या म्हणाली. "परवा तुझ्याशी फोनवर बोलून झाल्यावर मी फार रडले. तुला वाटलं असेल, आनंदाने. अरे, दुकान गेलं आणि मला वाटलं, आता गुडघा बरा करून मी जाणार कुठे? या टेबलावरून उठायचं ते कशासाठी? लेकीला बरं वाटावं म्हणून झोपणार होते मी इथे. मग न्हाव्याचा फोन आला, आणि बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली."

आतेबहिणीने तिच्या कपाळावर हात ठेवला. आत्याने तो झटकला.

"एवढं मीठ तू विकणार आहेस? पिंजरा मधोमध लावणारा माणूस तू. त्या कचेरीला पायऱ्या किती आहेत रे?"

"तिसरा मजला आहे, आत्या. लिफ्ट बंद आहे."

"बघ!" ती लेकीकडे वळून म्हणाली. "आणि मघापासून ही माझ्याशी ऑपरेशन होऊ दे, होऊ दे करतेय. नको कोण म्हणतंय?" मग तिने वॉर्डबॉयकडे पाहिलं. "चल रे बाबा, ढकल लवकर. आणि डॉक्टरांना सांग, दोन्ही गुडघ्यांचं आत्ताच उरकता आलं तर बघा म्हणावं. मला दुकान उघडायचंय."